पाण्याचा नमुना

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाले.

बेबीनंदानं तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे पिवळट, पट्टे पडलेले दात पाहिले. मग तिला उभं राहायला सांगितलं. आठ वर्षांची पोर उभी राहिली की दोन्ही गुडघे एकमेकांना टेकायचे आणि पावलं लांब राहायची.

"पाणी कुठलं पिता?"

"हापशाचं, साहेब," तिचा बाप, बद्रीनाथ, म्हणाला. "दारातच हाये. बारमाही."

हे सांगताना त्याला जरा बरंच वाटलं. दुष्काळात सरकारी गाडीनं बोअर पाडला तो नेमका त्याच्या दारासमोर. ज्याच्या दारात पाणी, त्याचा गावात मान. तो मान इथं जालन्याच्या दवाखान्यातही उतू जात होता.

"त्यात फ्लोराईड असणार," डॉक्टर म्हणाले. "थोडं असलं तर दातांना चांगलं. काही देशांत मुद्दाम टाकतात पाण्यात. पण जास्त झालं की दात बिघडतात, हाडं वाकतात. पाणी बदललं तर पोरगी अजून सावरेल. अशीच तीन-चार वर्षं गेली, तर मग नाही."

त्यांनी एक स्वच्छ बाटली दिली. हापसा पाच मिनिटं मारायचा, मग भरायची, आणि तपासणीला आणून द्यायची.

घरी आल्यावर बद्रीनाथनं सगळं आईला आणि बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बायको, उषाबाई, ओढ्याकाठच्या विहिरीवरून पोरीपुरतं पाणी आणायला लागली. जाऊन-येऊन कोसभर.

त्या वाटेवर तिला सोबत होती सासूची. द्वारकाबाई रोज पहाटे देवाला एक तांब्या तिथूनच आणायची. हापसा दुरुस्त करताना आत चामड्याचा वायसर असतो हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हापासून देवाला ते पाणी बंद झालं. माणसांना मात्र चालत होतं. माणसं कुठं देवासारखे नखरे करतात.

बद्रीनाथनं सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं हापसा मारला, बाटली भरली आणि देवळीत ठेवली. सकाळी उठायला उशीर झाला, पण आईनं बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून ठेवली होती. नातीवर तिचा फार जीव. त्यामुळे गाडी चुकली नाही.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला.

"पॉइंट सहा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद दोनदा पाहिला. "दीडपर्यंत चालतं. हे तर दातांना हवं तेवढंच आहे. मग दुसरं काहीतरी असेल." त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्याच महिन्यात ग्रामसेवकानं चावडीवर विषय काढला. आसपासच्या गावांतले काही हापसे फ्लोराईडमुळे लाल रंग मारून बंद केले होते, आपल्याही हापशाचं काय ते ठरवा म्हणाला. बद्रीनाथनं खिशातून रिपोर्ट काढला आणि मोठ्यानं वाचला, वर डॉक्टरांनी सांगितलेलं बाहेरच्या देशांचंही सांगितलं.

शेजारचा कडूबा म्हणाला, "बाहेरच्या देशात लोक खर्चा करून टाकतेत. आपल्याला फुकट भेटून राह्यलंय, अन् ते बंद करायचं?"

लोक हसले. हापसा राहिला.

रात्रीचं जेवण झाल्यावर उषाबाई म्हणाली, "आवं, पोरीपुरतं मी हिरीचंच आणत जाते. मला काय जड न्हाई."

"रिपोट खोटा हाये का? बिलकुल गरज न्हाई. लोक म्हणतील, याच्याच घरचे याच्या दारचं पाणी पेत न्हाईत."

तिनं कळशी पालथी घातली.

पुढची चार वर्षं अशी गेली की सांगण्यासारखं काही नाही. गोळ्या झाल्या. तेलाचं मालीश झालं. राजूरच्या गणपतीला नवस झाला. गल्लीतली अजून तीन पोरं तशीच चालायला लागली. कडूबाला मान वळवता येईना, कुणी हाक मारली की तो सगळाच वळायचा. बेबीनंदानं शाळा सोडली, कारण शाळा नाल्यापलीकडे होती. सुरुवातीला बद्रीनाथला तिच्याकडे बघवत नसे. आता बघितलं तरी काही होत नसे. दुःख संपलं नव्हतं, नुसतं बधिर झालं होतं.

शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिच्या पायांचा एक्स-रे उजेडाला धरला.

"ही हाडं पाण्यानंच गेलीत," ते म्हणाले. "आता सरळ व्हायची नाहीत. पण तुमचा रिपोर्ट मला पटत नाही. पाणी परत तपासा. हिच्यासाठी नाही, बाकीच्या पोरांसाठी."

बद्रीनाथनं मान हलवली. पोरीला उचलून गाडीत बसवलं आणि गावी आणलं.

दिवस मावळायच्या आत त्यानं पुन्हा पाच मिनिटं हापसा मारला आणि नवी बाटली भरली. द्वारकाबाई ओट्यावर बसून बघत होती.

"पुन्हा तपासायचं?"

"हो, माय. मागचं बराबर आलं न्हाई म्हणतेत. सकाळी पयल्या गाडीनं जातो."

तिनं बाटली हातात घेतली, झाकण काढून वास घेतला आणि त्याच्या देखत पाणी ओट्याखाली ओतून दिलं.

"जरा थांब, मी हिरीवर जाऊन येते," ती गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणाली. "सायेब लोक चाखून पाहणार, त्यायला हे कसं धाडावं? मागच्या खेपंला बी मी पहाटं तिथूनच भरून आणल्तं. म्हणून तर पास झालं."