हिरोचा पार्ट

अरे ऐका ना, आमच्या दारव्ह्याचे नागोरावकाका माहीत हायेत ना तुमाले? त्याइचे बाबा नाटक मंडळीचे हिरो, माय नलूआजी हिरोईन, अन् काका चाळीस वर्षं नुसते हवालदार, मुनीम, नाही तं पोरीचा मामा! मायनं एकदा तरी "शाब्बास" म्हणावं, एवढीच आस होती त्याइले. तिनं कधीच म्हटलं नाही.

आता आजीले काहीच याद राहत नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यालेच हाका मारत राह्यते. मंग काल काकानं बाबाचा जुना कोट चढवला, बाबासारखेच दारात खाकरले अन् म्हणे, "नलू, चहा ठेव बरं!" बापा, काय बसला तो पार्ट! मी बाजूलेच उभा होतो, माह्या अंगावर काटा आला. आजी लाजली, डोक्यावर पदर घेतला, हात धरून त्याइले जवळ बसवलं.

"आवो," ती हळूच म्हणे, "एक सांगू? रागावू नका. आपल्या नागोले नाटकात घेत नका जाऊ. त्याले नाही जमत."