आधीचा बिल्ला

साल अडुसष्ट. बोईसरजवळच्या बांधकामावर खडी फोडणाऱ्या टोळीतला एक माणूस आज कमी होणार होता. शेवटी आला तो आधी जाईल, हा नेम मजुरांना संपात डोकी फुटल्यावर मिळालेला. पुंजारामच्या कपाळावर टाक्यांचा व्रण होता. भरतीच्या रांगेत त्यानेच धाकट्या भावाला, भगवंताला, पुढे ढकललं होतं, म्हणून पुंजारामच शेवटचा ठरला. भगवंताने आपला आधीच्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या खिशात सरकवला. “दादा, तुला पोरं हायेत. सायेब नंबरच बघतो.” पुंजारामने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. “आपलाच नेम आपण मोडायचा नाय!” भगवंताने रक्त थुंकून पुन्हा बिल्ला पुढे केला. पुंजारामने त्याला खडीवर आपटलं, बिल्ला त्याच्या मुठीत कोंबून ती गुडघ्याखाली दाबली. मुकादम सावकाश आला. “कामावर मारामारी? दोघंही घरी.” मुकादमाचा भाचा कामाला लागायला फाटकाबाहेर सकाळपासून डबा घेऊन उभा होता.