घरामागचा मारोती

शेंदूर कमी पडला. प्रभाकररावांनी डबी उलटी करून झटकली, उरलंसुरलं तेलात कालवलं आणि दगडाची पाठ कोरीच ठेवली. देवाला लोक समोरून बघतात, पाठीमागे कोण जातं! कालपर्यंत हा दगड त्यांच्या किराणा दुकानाच्या दाराला अडसर म्हणून लावलेला असायचा. आज शनिवार होता, आणि थोड्याच वेळात प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याचा जेसीबी येणार होता.

जागा त्यांच्या घरामागचीच. कारंजा गावाच्या कडेचं हे मैदान नकाशात हिरवा पट्टा म्हणून दाखवलेलं होतं, आणि ते खरोखरच हिरवं होतं. मोहाची जुनी झाडं, पळस, गुडघाभर गवत. त्यांच्या बायकोची, मंदाबाईंची, कपिला गाय तिथे चरायची. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यापासून प्रभाकरराव रोज संध्याकाळी तिथेच बाज टाकून पडायचे. त्या वाऱ्यावर त्यांचा फार जीव. प्लॉट पडणार कळल्यावर वस्तीने हरकती घेतल्या, सह्या केल्या. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. लेआउटवाला काही थांबणारा नव्हता.

मंदाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. "देवाले मधात काऊन आणता जी?"

"मंग कोणाले आणू? आपलं कोणी ऐकून राह्यलं का?"

जेसीबी आला. तो चालवणाऱ्या अंकुशने खाली उतरून दगड पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडले. "काका, मारोतीवर मशीन नाई चालवत मी." लेआउटवाल्याने दुसरा ड्रायव्हर आणला. तो नारळ फोडून परत गेला. तिसरा तर ऐकूनच आला नाही. शेवटी लेआउटवाल्याने प्लॉट आखायला ठोकलेल्या आपल्या खुंट्या उपटल्या आणि तोही पाया पडून निघून गेला. वस्तीत पेढे वाटले गेले. प्रभाकररावांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

ज्याने जेसीबी परतवला तो मारोती नवसाला पावणारच! शनिवारी रांग लागू लागली. देव उन्हात बसलेला लोकांना पाहवेना, म्हणून ओटा झाला, ओट्यावर टिनाचं छत आलं. मोहाची फुलं टिनावर पडून कुजायला लागली, म्हणून मोह तोडले. महाप्रसादाची पंगत बसवायला सभामंडप हवा होता. गाड्या लावायला जागा हवी होती, तिच्यात पळस गेले. पावसाळ्यात भक्तांचे पाय चिखलात जायला लागले, म्हणून उरलेल्या गवतावर सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरलं. यातलं काहीच गैर नव्हतं. नव्या मंदिर समितीचे अध्यक्ष म्हणून प्रत्येक ठरावाला पहिला हात प्रभाकररावांचाच वर जायचा, आणि तो मोठ्या समाधानाने जायचा.

गट्टूंचं काम संपलं आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. समितीने प्रभाकररावांचा सत्कार केला. गळ्यातला हार तसाच ठेवून ते मागच्या दाराने घरी आले. मंदाबाई दारातच उभ्या होत्या. हातात कपिलेचं दावं. ते कुठे बांधावं हे त्यांना कळत नव्हतं. समोर कुंपणापासून कुंपणापर्यंत गट्टू पसरले होते आणि त्यांच्यावरून भट्टीसारखी झळ येत होती.

"पाह्य," प्रभाकरराव हाराशी चाळा करत म्हणाले, "एक प्लॉट पडू देल्ला नाई आपण!"

मंदाबाईंनी मैदानावरून नजर फिरवली.

"थे खरं हाय जी. पण लेआउटवाल्यानं कायद्याच्या धाकानं तरी बगिच्यापुरती जागा मोकळी सोडली असती."