बायांची तालीम

"दाव पुन्हा," साळूबाईनं दाराला कडी घातली. "कायबी गाळू नगंस."

सगुणानं दोन्ही हात भिंतीला टेकले, सावकाश उकिडवी बसली आणि श्वास सोडत उठली. तिला सातवा महिना होता.

विंझरच्या ठकुबाई सुईणीच्या पडवीत गरोदर बाया रोज दुपारी हेच करायच्या. ठकुबाई पैलवानाची लेक, म्हणून गाव त्या पडवीला 'बायांची तालीम' म्हणत फिदीफिदी हसायचं.

हसेनात का! गेल्या खेपेला सगुणा तीन दिवस अडली होती. भोरच्या दवाखान्याकडं निघालेली बैलगाडी अर्ध्या वाटेतून माघारी आली होती, मूल हाती लागलं नव्हतं. यंदा तिला जितं मूल हवं होतं, बस्स.

आणि नेमकं सासूनंच तिला त्या पडवीतून निघताना धरलं! कसली थेरं शिकवतात ते नीट कळू दे, मग पाटलाकडं गाऱ्हाणं घालून ही तालीम बंदच पाडते, असं साळूबाई म्हणाली. तेव्हापासून रोज सांजेला घरात ही झडती. श्वास कधी सोडायचा, टाचा टेकायच्या का उचलायच्या, ती सगळं खोदून खोदून विचारायची.

दोन महिने उलटले, पण तिचे पाय काही पाटलाकडं वळेनात. चैत्राचं ऊन तापलं तरी अंगावरची घोंगडी सुटेना. चाळिशीही न गाठलेल्या बाईला एवढं हीव कसलं, सगुणाला कळत नव्हतं.

चैत्रातच सगुणाला कळा सुरू झाल्या. ठकुबाई धावत आली. सगुणा भिंतीला धरून बसली, उठली, पुन्हा बसली. ऊन कलायच्या आत लेक टाहो फोडून रडली, आणि सगुणाही रडली, हसली, पुन्हा रडली.

"जिकलीस गं पोरी," ठकुबाई म्हणाली.

बाहेर सासरा कोंडिबा गूळ वाटत सुटला. कालपर्यंत हसणारे तोंड गोड करून घेत होते.

ठकुबाईनं हात धुतले. "साळूबाई, आता जावा खुशाल पाटलाकडं."

साळूबाईनं दाराला कडी घातली, घोंगडी काढून खाली टाकली आणि दोन्ही हात भिंतीला टेकले.

"माज्या टाचा नीट टेकल्यात का बग," ती ठकुबाईला म्हणाली. तिला सहावा महिना लागला होता.