सात नंबरचा काटा

स्फाक्सच्या ऑलिव्ह तेलाच्या गोदामात, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या खोलीत, नौफेल भर दुपारी थबकला. तो ट्यूनिसहून तपासणीला आला होता. सात नंबरच्या चार्जरचे दोन्ही चिमटे खुंटीला मोकळे लटकत होते. बॅटरी जोडलेली नव्हती, तरी चार्जरवरचा करंटचा काटा चाळीसवर होता.

"हा बंद करा."

"तुमचं शहाणपण ट्यूनिसला ठेवा, साहेब." खोली सांभाळणारा मोंजी जागचा हलला नाही. "ज्यानं जोडलं त्यानंच बंद करायचं, त्यानंच चिमटे काढायचे. इथं हाच नियम आहे."

"मग जोडलं कुणी?"

दारात जमलेले कामगार एकेक करून मागे सरले.

नौफेलनं रागानं बटण बंद केलं. काटा ढळला नाही. त्यानं भिंतीतला प्लगच उपटला. प्लग त्याच्या हातात होता आणि काटा चाळीसवरच होता.

मग तो सावकाश उतरू लागला, बॅटरी भरत आल्यावर उतरतो तसा.

"भरत आलं," मोंजी म्हणाला. तो बाहेर सरकला आणि त्यानं दाराला बाहेरून कडी घातली.

काटा शून्यावर आला. नौफेलच्या खांद्याशेजारी, खुंटीवरचा लाल चिमटा, कुणी मुठीत दाबावा तसा, हळूच उघडला.