कोठीची किल्ली

या मंडळी, जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीच्या सभेत जुना नियम होता: जो खुर्चीवर बसेल त्यालाच मत. खुर्च्या मोजक्या, म्हणून त्या वडीलधाऱ्यांच्या. मांडायच्या मात्र तरुणांनी, आणि मांडून झाल्या की मुकाट भिंतीशी उभं राहायचं. त्या संध्याकाळी पोरांच्या मैदानात गाड्या लावायचं ठरणार होतं. अध्यक्ष आले, तर सभागृहात एकही खुर्ची नाही.

"खुर्च्या कुठं आहेत?"

"कोठीत, काका," शिंप्याची मुलगी म्हणाली. "कोठीला कुलूप आहे."

"मग सभा कशी व्हायची?"

"उभ्यानं. नियमानं आज इथं कुणालाच मत नाही. नाहीतर मग सगळ्यांनाच आहे."

"ओठ पिळले तर दूध निघेल, आणि आम्हाला नियम शिकवता?"

"नियम तुमचाच आहे, काका. आम्ही फक्त खुर्च्या मांडल्या नाहीत."

तेवढ्यात अध्यक्षांची म्हातारी आई काठी टेकत आत आली.

"आई, तू तरी सांग यांना. आणि कोठीची किल्ली दे, तुझ्याकडेच असते ना ती?"

आईनं कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. "सापडत नाही रे," ती म्हणाली आणि भिंतीशी पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग सभा उभ्यानंच झाली, सगळ्यांनीच मत दिलं, आणि मैदान वाचवायला पहिला हात तिनंच वर केला.

मंडळी, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीच्या वर गेलेल्या हाताचीही आठवण ठेवा.