शांत

नाक पुसायलाही हाती न लागणाऱ्या सात वर्षांच्या संग्रामने लखनौला आल्यापासून अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. शेवटी शाळेने हात टेकले, डॉक्टरांनी एडीएचडीची गोळी सुरू केली आणि घर एकदम गप्प झालं.

शेजारच्या तिवारी चाचींनी दारात येऊन विचारलं, "बहू, बिटवा की आवाज़ नहीं आती आजकल?"

"वो तो शांत हो गया, चाची," संग्रामची आई शर्वरी आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाली. "सोमवार से."

चाचींनी तोंडाला पदर लावला आणि त्या उंबऱ्यातच मटकन बसल्या. आत वही पुढ्यात घेऊन बसलेला संग्राम दिसला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. "राम राम! ऐसे नहीं कहते, बहू. हमारे यहाँ आदमी मर जाए, तब कहते हैं शांत हो गया."

दोघी पोट धरून हसल्या. संग्रामने मानही वर केली नाही.

* * *

चाची गेल्यावर शर्वरीने त्याच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं, आणि त्याने ते निमूटपणे धरू दिलं.